रात्रीची वही

बोरिक पावडरमुळे मी त्या घरात शिरलो.

माझं पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या बाजूला मेडिकल आहे. आता गल्ल्यावर मुलगा बसतो. मी दुपारी एक्सपायरी तपासायला म्हणून जातो आणि त्याच्या धंद्यात नाक खुपसून येतो. चारेक वर्षांपूर्वी एक गृहस्थ बोरिक पावडरचे दोन डबे मागायला आले. एवढी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "कॅरमला. बोर्ड एक आणि पोरं भरपूर." पोरं म्हणजे मुलांच्या निरीक्षणगृहातली. बिल करताना मी सहज बोलून गेलो की कॉलेजात असताना मीही बरा खेळायचो. "मग या की," ते म्हणाले. गल्ला नुकताच सुटलेला माणूस असलं 'या की' फार मनावर घेतो. अर्ज केला, अधीक्षकांची परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून रविवारी तीन ते पाच मी तिथे असतो. पोरं मला मेडिकलवाले काका म्हणतात. एखादी सोंगटी कमी भरली की काकांनीच चोरली म्हणून गलका करतात. त्या घरात, त्या पोरांच्या तोंडून हा आरोप ऐकायला मोठी मजा येते.

पावडर घ्यायला आलेले ते गृहस्थ म्हणजे रात्रपाळीचे काळजीवाहक. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणतो. मूळचे सटाण्याकडचे, बोलता बोलता मध्येच अहिराणी डोकावते. ड्यूटी रात्री आठची, पण रविवारी चारलाच हजर. तेही कॅरमसाठीच.

घराचं नाव आणि पत्ता लिहिणार नाही. मुलांची नावं, गावं, शाळा तर नाहीच. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने ते उघड करायला बंदी आहे. कलम नसतं तरी मी लिहिलं नसतं. पुढे ज्याच्याबद्दल सांगणार आहे त्याला आपण बारक्या म्हणू. त्याच्या काही खुणा मी मुद्दाम बदलल्या आहेत.

लोक अजून 'रिमांड होम' म्हणतात. वर्तमानपत्रं 'बालसुधारगृह' लिहितात. कायदा या मुलांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. एवढा शब्द उच्चारायचा म्हणजे मध्ये एकदा थांबावं लागतं. पोरं दोनच शब्द वापरतात, 'आत' आणि 'बाहेर'. बाल न्याय मंडळाला ती 'बोर्ड' म्हणतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यात निदान एक बाई, असं ते मंडळ असतं. कॅरमचाही बोर्डच असल्यामुळे "बोर्डावर काय झालं?" या प्रश्नावर हमखास विनोद होतो.

बारक्या आला तेव्हा डिसेंबर होता. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. वय सोळा. सातपूरकडच्या एका वस्तीतला. वडील कंपनीत कंत्राटी कामाला होते, काम गेल्यावर घरातूनही गेले. आई दिंडोरीकडे द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये रोजंदारीवर. वस्तीतल्या मोठ्या पोरांबरोबर मोटारसायकली उचलताना सापडला, आणि पहिल्यांदा नव्हे. खरं तर कायद्यात जामीन हा नियम आहे आणि आत ठेवणं हा शेवटचा उपाय. पण सोडल्यावर पोरगा पुन्हा त्याच टोळीत जाईल किंवा त्याच्या जिवाला, मनाला धोका होईल असं मंडळाला वाटलं, तर ते जामीन नाकारू शकतं. बारक्याचं तेच झालं. यात कुणाची चूक आहे असं मला वाटत नाही. एवढंच लक्षात आलं की ज्याच्या मागे घर उभं असतं तो चार दिवसांत बाहेर जातो आणि ज्याच्या मागे कोणी नसतं तो उरतो. म्हणजे आत उरणाऱ्यांत आधीच मोडलेली पोरं जास्त. त्यांच्यात आजार जास्त दिसला तर नवल कसलं?

हा उरलेला बारक्या इतका शहाणा, की काय सांगू. ताट स्वतःचं धुवायचा आणि शेजाऱ्याचंही. 'जी काका', 'हो सर'. कॅरमला बसवलं तर आपली पाळी आली की स्ट्रायकर हळूच ढकलायचा. सोंगटी पडली काय, नाही पडली काय, चेहरा तोच. बाकीची पोरं फाउलवरून एकमेकांच्या अंगावर जायची, हा बाजूला बसून सांडलेली पावडर बोटाने गोळा करत राहायचा.

त्याच सुमारास दुसरा एक दांडगा होता. तीन पाळ्या सलग बसायचा नाही, दाराला लाथा घालायचा, एकदा भाजीसकट ताट फेकलं. त्याला 'माज आलाय' असं सगळे म्हणायचे. पण त्या माजामुळेच त्याला समुपदेशकांकडे आणि तिथून डॉक्टरांकडे नेलं. लहानपणापासूनची अतिचंचलता निघाली, उपचार सुरू झाले. बारक्याला कोणी कुठे नेलं नाही. त्रास न देणाऱ्याला कोण नेतं? मी अधीक्षकांना आपणहोऊन सांगितलं, "हा पोरगा चांगला आहे हो, चुकून आलाय इथं." शिफारस केल्याच्या थाटात.

चौथ्या-पाचव्या रविवारी मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, त्या पोऱ्याले झोपच नै."

आता इथे माझं ज्ञान आडवं आलं. तीस वर्षं मेडिकल चालवलंय. नाशिकला 'बटण' म्हणजे काय आणि मालेगावला 'कुत्ता गोळी' म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या नशेसाठी चोरून विकल्या जातात. दुकानात आम्हाला त्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. औषधांच्या 'शेड्यूल एच-वन' या सरकारी यादीत असल्याने त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टर कोण, रुग्ण कोण, गोळ्या किती, सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. असली गोळी रोज खाणाऱ्याची ती एकदम सुटली, की झोप उडते, हातपाय थरथरतात, चिडचिड होते, कधी फिटही येते. म्हणून मी मामांना डॉक्टरी थाटात सांगितलं, "बटण सुटलंय त्याचं. दहा-बारा दिवसांत येईल झोप." मामांनी मान हलवली. मेडिकलवाले काका म्हणतायत म्हटल्यावर ते तरी काय करणार?

दहा-बारा दिवस गेले, आणखी दहा गेले. बारक्याने आयुष्यात बटण खाल्लेलं नव्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं.

मामांनी मात्र एक गोष्ट केली होती. रात्रीच्या हजेरीच्या रजिस्टरमध्ये एका ओळीचा मजकूर असतो. 'सर्व मुले झोपली. विशेष काही नाही.' वसतिगृह असो की दवाखान्याचा वॉर्ड, रात्रीच्या रजिस्टरात तीच ओळ सापडते. मामांनी त्याशिवाय स्वतःच्या पैशाने एक शंभर पानी वही आणली. मुखपृष्ठावर मोराचं चित्र, खाली 'विषय' या रकान्यात लिहिलेलं, 'रात्र'. मामा सातवी शिकलेले, अक्षर कोंबडीच्या पायाचं. त्यातल्या ओळी मी नंतर वाचल्या.

'पलंग ७. १ वा. २० मि. उठून बसला.'

'२ वा. १० मि. बसलेलाच. खिडकीकडे तोंड. थंडी फार. चादर दिली, घेतली नाही.'

'३ वा. झोप म्हटलं. हो मामा म्हणाला. झोपला नाही, डोळे झाकले.'

'४ वा. जागा. काय विचार करतो विचारलं. काही नाही म्हणाला.'

'आज जेवण अर्धी भाकर. पोराने पोळी दुसऱ्याला दिली.'

अशी बावीस रात्रींची पानं. 'झोपला नाही, डोळे झाकले' हे वाक्य मी दोनदा वाचलं. या दोन गोष्टींत फरक करायला माणूस रात्री तीन वाजता जागा आणि जवळ असावा लागतो. मी रविवारी दुपारी दोन तास असतो. समुपदेशक सकाळी अकराला येतात. डॉक्टर ओपीडीत भेटतात, तेही पाच-दहा मिनिटं. बारक्या या सगळ्या वेळांत शहाणाच होता.

ही वही घेऊन मामा आणि मी अधीक्षकांकडे गेलो. त्यांनी वेळ लावला नाही. त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीला नेलं. सोबत साध्या कपड्यातला पोलीस, बेड्या वगैरे काही नाही, नियमच तसा आहे. तरी रांगेतल्या बायका बघतच होत्या. साध्या कपड्यातला पोलीस बुटांवरून ओळखू येतो. मामा रात्रपाळी करून तसेच आले होते आणि भिंतीला टेकून डुलक्या घेत होते.

डॉक्टर तरुण बाई होत्या. आधी त्यांनी वही चाळली. मग विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मामा उठून उभे राहिले, हात जोडून. त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. "बसा हो," मॅडम म्हणाल्या, "मला रोज इतकं कोणी लिहून आणून दिलं तर माझं निम्मं काम होईल."

मग त्या मुलाकडे वळल्या. उदास वाटतं का, असं त्यांनी विचारलं नाही. पोरं त्याला 'नाय' म्हणतात, हे मी स्वतः ऐकलंय. 'उदास' हा पुस्तकातला शब्द, त्यांच्या वापरात नाही. ती म्हणतात डोकं आउट होतं, टेन्शन येतं, बोर मारतं. मॅडमनी विचारलं, "करमतं का रे?"

आता 'इथं करमत नाही' हे वाक्य त्या घरात दिवसातून पन्नासदा ऐकू येतं. सगळीच पोरं म्हणतात, म्हणून आम्ही कोणी ते ऐकत नाही. बंद दाराआड कोणाला करमेल? बारक्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घरी पण नव्हतं करमत." कधीपासून? "मागच्याच्या मागच्या गणपतीपासून." ढोल वाजवायला जायचास का? "आधी जायचो."

माझ्या पोटात खड्डा पडला. इथं न करमणं आणि कुठंच न करमणं यातला फरक एका साध्या प्रश्नाने बाहेर आला होता, आणि तो प्रश्न विचारायला मला इतके रविवार मिळाले होते.

घरी येताना होळकर पुलावर रिक्षा अडकली होती तेव्हा मनात येत होतं, की या पोरांच्या मनाची चौकशी आपण करतो, पण भलत्याच वेळी. २०१५च्या बाल न्याय कायद्यात एक १५वं कलम आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असला, तर तो गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम त्याला कळत होते का, हे मंडळाने तपासायचं असतं. त्यावर पुढे त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवायचा की नाही, हे ठरू शकतं. जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी असलेलं कोणी नसेल, तर या तपासणीत तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. चांगलं झालं. पण म्हणजे गुन्हा भयंकर असला तर मनाचे तज्ज्ञ येणार. मोटारसायकल उचललेल्या पोराचं मन कोण बघणार? कायद्यात तेही आहे, नाही असं नाही. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना करायची असते. परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरने, सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मूल मनोरुग्ण किंवा व्यसनी असेल तर त्याला उपचाराच्या ठिकाणी हलवायचं, असं ९३वं कलम सांगतं. पण त्या कलमापर्यंत पोचायला आधी कुणाला तरी ते दिसावं लागतं. आणि हलवायचं म्हटलं तरी राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिकहून जवळचं म्हणजे कसारा घाट उतरून ठाणे.

आकड्यांचा मला मेडिकलमुळे नाद आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. (बारा राज्यांत झालेल्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता.) ही झाली बाहेरची, आपल्या घरातली मुलं. आतल्या मुलांचा एक मोठा अभ्यास शिकागोत झाला. तिथल्या बाल कोठडीतल्या १,८२९ मुलामुलींशी बोलून २००२ साली निष्कर्ष छापले गेले. मुलग्यांत जवळजवळ दोन तृतीयांश आणि मुलींत जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना एक तरी मानसिक विकार होता. शिकागो म्हणजे सातपूर नव्हे, हे मलाही कळतं. तरी कॅरमभोवती बसलेल्या सहा डोक्यांकडे बघताना आता तो आकडा आठवतो. मॅसॅच्युसेट्समध्ये तयार झालेली एक ५२ प्रश्नांची यादी आहे. कोठडीत आलेल्या बारा ते सतरा वर्षांच्या मुलाने हो किंवा नाही एवढंच सांगायचं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. तिने निदान होत नाही, पण कोणाकडे आधी बघायचं ते कळतं. मराठीत अशी यादी करायची झाली तर पहिला प्रश्न करमण्याचा असावा आणि दुसरा झोपेचा, असं माझं मत. माझ्या मताला विचारतो कोण, ते सोडा.

मॅडमनी फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं, रोज सकाळी एक कॅप्सूल, आणि दर आठवड्याला समुपदेशन. मला हे औषध बरणीतल्या गोळ्या ओळखाव्यात तसं माहीत आहे. पण मॅडमनी मामांना जे समजावलं ते मी गल्ल्यावर कधी कोणाला इतकं नीट समजावलं नव्हतं. गुण यायला तीन-चार आठवडे, कधी जास्तही लागतात. लहान वयात सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढू शकते, जिवाचं वाईट करून घेण्याचे विचार येऊ शकतात. म्हणून तेव्हाच डोळ्यांत तेल घालून बघायचं, जरा वेगळं वाटलं की लगेच आणायचं. गोळी समोर गिळायला लावायची, साठवू द्यायची नाही. आणि मनाने बंद करायची नाही. मामा प्रत्येक वाक्याला "जी मॅडम" म्हणत होते. घरी परतल्यावर त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर हे सगळं उतरवून काढलं. 'डोळ्यांत तेल' हेही.

ते रात्री काही विशेष करायचे असं नाही. पलंग सातशेजारी स्टूल टाकून बसायचे. कधी स्वेटर विणणाऱ्या बायकोची गोष्ट, कधी सटाण्याच्या यात्रेची. पोरगा बोलला तर ऐकायचे. बोलला नाही तर तेही बसूनच राहायचे.

पाचव्या आठवड्यात बारक्या कॅरमवर भांडला. स्ट्रायकर रेघेला टेकला नव्हता, दांडग्याने फाउल मारला होता आणि बारक्या ताडकन उठून म्हणाला, "ए, फाउल आहे! काका, सांगा याला!" आवाज चांगलाच चढला होता. मामांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्या दिवशी मी फाउल दिला, खरा होता की नाही ते बघितलंसुद्धा नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी जामीन झाला. मामाच्या गावी, म्हणजे बारक्याच्या सख्ख्या मामाकडे राहायचं, या अटीवर. शनिवारी दुपारी आई आली, कागदांवर अंगठे-सह्या झाल्या आणि पोरगा गेला. सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा गेलो, मामांनी लोखंडी कपाट उघडलं आणि एक पट्टी माझ्या हातात ठेवली. दहाची पट्टी, चार जागा फोडलेल्या, सहा कॅप्सूल शिल्लक. वर पेनाने लिहिलेलं, 'प. ७'. चिठ्ठीही तिथेच होती.

"राणी घेतली काका," मामा म्हणाले, "पण कव्हर नै."

कोणाची चूक म्हणावी? शनिवारी मामांची ड्यूटी रात्रीची, सोडताना ते नव्हते. ज्यांनी सोडलं त्यांच्यासमोर जामिनाचे कागद होते, त्यांत गोळ्यांचा रकाना नव्हता. परिविक्षा अधिकारी असलेल्या ताईंना सोमवारी कळवलं. त्या दुसऱ्या दिवशी पट्टी आणि चिठ्ठी घेऊन स्वतः गेल्या. आई म्हणाली, "पोरगं घरी आलं, आता कशाला गोळी? डोक्याची गोळी खातो म्हटल्यावर वेडा म्हणतील लोक." ताई दोन तास बसल्या. त्यानंतर माय-लेक ओपीडीला दोनदा येऊन गेले. तिसऱ्या तारखेला आले नाहीत. द्राक्षांचा हंगाम भरात होता. खाडा केला तर रोज बुडतो, आणि येण्याजाण्याचं भाडं वेगळं. ताईंनी पुन्हा फोन लावले, फोन बंद. कदाचित नंबर बदलला असेल. मी माझ्या मुलाला सांगून ठेवलंय, असा कोणी चिठ्ठी घेऊन आला तर पैशाचं विचारू नको. पंचवटीत माझ्याच दुकानात तो का येईल, हे मुलाने मला विचारलं नाही, त्याचे आभार.

आता जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कागदांना एक पान जोडलं जातं. औषध कोणतं, किती, पुढची तारीख कोणती. ते पान मी माझ्या दुकानातल्या एच-वनच्या वहीवरून आखून दिलं. अधीक्षकांनी त्याच्या प्रती काढल्या. गेल्या रविवारी मी बोरिक पावडर घेऊन गेलो तर मामा लवकर आले होते, आणि कॅरमकडे न जाता मला कोपऱ्यात घेऊन गेले. मोराची वही संपली, नवीन आणली होती. हिच्यावर हत्ती. 'समुपदेशक' कसं लिहायचं, ते विचारत होते. मी लिहून दिलं आणि पहिलं पान बघितलं.

'पलंग ७. नवीन मुलगा. १ वा. ४० मि. जागा. करमतं का विचारलं. बोलला नाही. स्टूल टाकलं. ३ पर्यंत बसलो.'